‘अशक्तपणा’ म्हणालात तर सलाईन मिळेल: कॅन्सरच्या थकव्यासाठीच्या आधारसेवांचं परीक्षण

केमोच्या ओपीडीत डॉक्टरांसमोर रुग्णाला पाच-सात मिनिटं मिळतात. त्यात “फार अशक्तपणा वाटतो” एवढं म्हटलं की पुढचं ठरलेलं असतं. हिमोग्लोबिन बघू, सलाईन लावू, प्रोटीन पावडर घ्या. घरी आल्यावर शेजारच्या काकू डाळिंब, बीट आणि काळ्या मनुका घेऊन हजर. मराठीत अशक्तपणा म्हटलं की खाणं कमी पडतंय असंच सगळ्यांना वाटतं, त्यामुळे उत्तरही ताटातलंच मिळतं.

कॅन्सरचा आणि त्याच्या उपचारांचा थकवा वेगळा असतो. रात्रभर झोपूनही सकाळी अंगात त्राण नसतं. आंघोळ करून आलं की पुन्हा आडवं व्हावंसं वाटतं. पेपरातली एकच बातमी तीनदा वाचली तरी डोक्यात शिरत नाही. केलेल्या कामाच्या मानाने तो कितीतरी जास्त असतो आणि विश्रांतीने जात नाही. शेतात राबून आलेल्या माणसाचा शीण झोपेने उतरतो, हा उतरत नाही. म्हणून ओपीडीत शब्द बदलून बघा: “थकवा आहे, दहापैकी सात.” शून्य ते तीन सौम्य, चार ते सहा मध्यम, सात ते दहा तीव्र, ही मोजणी डॉक्टरांच्या ओळखीची आहे. चार किंवा त्याहून जास्त आकडा ऐकला की पुढची चौकशी व्हायला हवी, हेही त्यांना ठाऊक असतं.

या थकव्यावर औषधगोळ्यांपलीकडे मानसिक आणि सामाजिक आधाराच्या सेवा मिळतात. काही रुग्णालयात असतात, काही संस्थांकडे, काही मोबाइलवर. त्या कशा निवडायच्या, कुठली कुठे कमी पडते, हे इथे पाहू. चाळण एकच लावली आहे: ही सेवा थकव्याचं नाव घेऊन त्याच्यावर काम करते, की नुसता धीर देते?

ही चाळण मनाने ठरवलेली नाही. उपचार चालू असताना दिल्या जाणाऱ्या मानसिक-सामाजिक आधाराचा कॉक्रेन आढावा (कॉक्रेन म्हणजे जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) २००९मध्ये निघाला. त्यात २७ अभ्यास आणि ३,३२४ रुग्ण होते. खास थकव्यासाठी आखलेल्या ५ सेवांपैकी ४ उपयोगी ठरल्या. सर्वसाधारण समुपदेशनाच्या २२पैकी फक्त ३ मध्ये थकवा कमी झाला. त्या पाच सेवा लांबलचकही नव्हत्या. एकेका रुग्णाशी तीन भेटी, बोलणारी व्यक्ती म्हणजे परिचारिका, आणि विषय असा: थकवा म्हणजे काय, स्वतःची काळजी कशी घ्यायची, दिवसाची कामं कशी लावायची. मोठ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे वर्षभर खेपा घालण्याची गरज त्यात कुठेच नव्हती. दुसरीकडे, नुसत्या “मन खंबीर ठेवा”ने मन कदाचित खंबीर होत असेल, अंगातला गळाठा जात नाही.

तीन भेटींची सेवा: मिळाली तर हीच घ्या

आपल्याकडे ‘फटीग क्लिनिक’ अशी पाटी क्वचितच दिसते. पण डे-केअरमधली अनुभवी सिस्टर, मेडिकल सोशल वर्कर किंवा सायको-ऑन्कॉलॉजी, म्हणजे कॅन्सर रुग्णांच्या मनाकडे पाहणाऱ्या, विभागातली समुपदेशक यांच्याकडून हेच काम तीन भेटींत करून घेता येतं. प्रत्येक भेटीला अर्धा ते पाऊण तास धरा. चांगल्या सेवेत काय काय व्हायला हवं ते खाली आहे. यातलं निम्मंच झालं, तर सेवा अर्धवट आहे असं समजा.

पहिली भेट दुसऱ्या सायकलच्या, म्हणजे केमोच्या दुसऱ्या फेरीच्या, आधी व्हावी. रेडिएशन, म्हणजे ज्याला लोक ‘लाईट’ किंवा ‘शेक’ म्हणतात, ते चालू असेल तर पहिल्या आठवड्यात. सुरुवात आकड्याने होते: आत्ता किती, एरवी किती, गेल्या चोवीस तासांत सगळ्यात वाईट किती. मग तो थकवा कशाच्या आड येतो हे विचारलं जातं. चालणं, घरातली किंवा बाहेरची कामं, मूड, माणसांशी बोलणं, एखाद्या गोष्टीतला आनंद. ‘ब्रीफ फटीग इन्व्हेंटरी’ नावाच्या नऊ प्रश्नांच्या तक्त्यात हेच असतं आणि तो पाच मिनिटांत भरून होतो.

त्यानंतर समुपदेशकाने बोलणं थांबवून फाईल उघडायला हवी. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, सोडियम, दुखणं, झोप. मानेला शेक घेतलेल्यांचं किंवा इम्युनोथेरपीवर असलेल्यांचं थायरॉईड मंदावू शकतं. मॉर्फिन, प्रीगाबालिन अशा दुखण्यावरच्या औषधांनी दिवसभर गुंगी राहते. यातलं काही सापडलं तर ते आधी डॉक्टरांकडे जायला हवं. फाईल न उघडता सरळ दीर्घश्वसन शिकवायला बसणारी सेवा धोकादायक आहे, हे स्पष्टच सांगायला हवं. रक्त कमी असलेल्या माणसाला सकारात्मक विचार शिकवून काय होणार?

याच भेटीत थकव्याचा नकाशा समजावून दिला जातो. केमोचा थकवा लाटेसारखा येतो: केमोच्या सलाईननंतरच्या काही दिवसांत चढतो, पुढच्या सायकलच्या आधी ओसरतो. रेडिएशनचा हळूहळू साठत जातो आणि शेवटच्या आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो. त्यामुळे “आता तर संपत आलं, मग आत्ताच का असं होतंय” या भीतीला उत्तर मिळतं. डेक्साच्या गोळ्यांचं तर वेगळं सांगायला लागतं. उलटी होऊ नये म्हणून दिलेलं हे स्टेरॉईड पहिले दोन-तीन दिवस खोटी तरतरी देतं आणि रात्रीची झोप उडवतं. गोळी बंद झाली की माणूस धपकन खाली येतो. त्या तरतरीत घरभर झाडलोट काढली आणि चौथ्या दिवशी उठताच आलं नाही, हा प्रकार इतका नेहमीचा आहे की पहिल्या भेटीत तो सांगितला नाही तर सेवेचे गुण कापावेत. गोळी सकाळी घेता येईल का, एवढं डॉक्टरांना विचारलं तरी झोपेचा बराच प्रश्न सुटू शकतो.

भेट संपताना हातात वही पडली पाहिजे. छापील फॉर्म नसला तरी चालेल, शाळेची दुरेघी पुरते. एका पानाचा नमुना असा:

सकाळी ७ ते ८, उठणं, चहा, आंघोळ: आधी ४, नंतर ६.
९ वाजता, ओट्याशी उभं राहून भाजी चिरणं, कणीक मळणं: आधी ५, नंतर ८.
११ ते १, झोप: आधी ८, नंतर ७.
४ वाजता, गॅलरीत दहा मिनिटं चालणं: आधी ५, नंतर ५.
५ वाजता, भेटायला दोघं, पाऊण तास: आधी ५, नंतर ८.

पान नीट पाहा. दोन तासांच्या झोपेने आकडा एकाच घराने उतरला. चालण्याने वाढला नाही. आणि पाहुण्यांनी कणकेइतकंच दमवलं. हे नुसतं आठवून कोणी सांगू शकत नाही. संध्याकाळी विचारलं तर उत्तर येतं, “दिवसभर पडूनच तर होते.” वहीचं काम एवढंच, पण त्यावाचून पुढच्या दोन भेटी हवेत जातात.

दुसरी भेट: वही वाचायची, दिवस लावायचा

एक-दोन आठवड्यांनी. इथे समुपदेशकाचं कसब कळतं. ढिसाळ सेवेत वही उघडलीही जात नाही. पुन्हा पहिल्यापासून “कसं वाटतंय?” सुरू होतं. चांगल्या सेवेत वहीतला सगळ्यात मोठा चढ कुठे आहे तो शोधतात आणि तिथेच हात घालतात.

बहुतेक वह्यांत सापडणारी पहिली गोष्ट म्हणजे बरं वाटलं की आठवड्याची कामं एका दिवसात उरकणं. पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. मग पुन्हा बरं वाटतं, पुन्हा धडाका. उपाय ऐकायला सोपा, पाळायला अवघड: बऱ्या दिवशी कमी करायचं आणि वाईट दिवशीही थोडं करायचं. वीस मिनिटं काम, दहा मिनिटं बसणं. आकडा सातवर गेल्यावर थांबून उपयोग नाही, पाचवर असतानाच हातातलं खाली ठेवायचं. घरच्या बाईला अर्ध्या पोळ्या लाटून बाजूला व्हायला सांगणं म्हणजे काय, हे ज्याने स्वयंपाकघर पाहिलंय त्याला कळेल. म्हणून चांगली समुपदेशक “थांबा” म्हणून सोडत नाही. उरलेल्या पोळ्या कोण लाटणार, हेही तिथेच ठरवून घेते.

मग शरीराची ठेवण. पोळ्या ओट्याशी उभं राहून नाही, टेबलाशी बसून. आंघोळ स्टुलावर बसून, पाणी कोमट. कडक पाण्याने भोवळ येऊ शकते. भरलेली बादली उचलायची नाही. अंग पुसत बसण्यापेक्षा टॉवेलच्या कापडाचा गाऊन अंगावर घ्यायचा. रोजचे डबे कमरेच्या उंचीवर, खालच्या फडताळात नाहीत आणि माळ्यावर तर नाहीतच. जिना चढायचाच असेल तर दिवसातून एकदा, म्हणजे खालची सगळी कामं एका फेरीत. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यासाठी हा एकच मुद्दा अर्ध्या भेटीइतका मोलाचा आहे.

झोपेचं गणित वेगळं. दुपारची डुलकी अर्ध्या तासाची, तीनच्या आत, गजर लावून. पलंग झोपेसाठी, दिवसाचं लोळणं आरामखुर्चीत. सकाळी उठण्याची वेळ रोज एकच, रात्र कशीही गेलेली असो.

आणि चालणं. थकलेल्या माणसाला चाला म्हणणं क्रूर वाटतं, पण थकव्यावर सगळ्यात भक्कम पुरावा हालचालीचाच आहे. ११३ चाचण्या आणि ११,५२५ रुग्णांचा एक मोठा आढावा २०१७ साली ‘जामा ऑन्कॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात व्यायाम आणि मानसिक उपाय जवळजवळ सारख्या ताकदीचे निघाले आणि औषधं सगळ्यांत मागे पडली. सुरुवात दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटांनी करा, चाळीच्या गॅलरीत किंवा सोसायटीच्या आवारात. पुढे आठवड्यातून किमान तीन दिवस अर्धा तास, असं बारा आठवडे. चालताना बोलता येईल इतपतच वेग. ताप असेल, प्लेटलेट फार कमी असतील, आजार हाडांत उतरला असेल किंवा उभं राहिल्यावर भोवळ येत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. हा इशारा न देता सगळ्यांना एकच व्यायामाचा कागद वाटणाऱ्या सेवा आहेत. तो कागद घडी करून ठेवून द्यावा.

तिसरी भेट: घरच्यांना घेऊन

सेवेची खरी परीक्षा इथे होते, आणि बहुतेक ठिकाणी नेमकी हीच भेट गळते. घरात दोन प्रकारची माणसं असतात. एक म्हणतात, “अगं, उठून हिंडायला लाग, पडून राहिलीस तर आणखी थकशील.” दुसरी म्हणतात, “आई, तू कशालाच हात लावू नकोस.” पहिल्यांमुळे रुग्णाला आपण आळशी ठरलो असं वाटतं, दुसऱ्यांमुळे आपण निरुपयोगी झालो असं. दोन्हींनी थकवा वाढतो. दोघांनाही एकाच खोलीत बसवून वहीची पानं दाखवली की वाद मिटायला लागतात, कारण तिथे कोणाचं मत नसतं, आकडा असतो. घरात “थकलीस का?”च्या ऐवजी “आत्ता किती?” असं विचारायची सवय लावली तर उत्तर खरं मिळतं. “थकलीस का”ला आपल्याकडची आई “नाही रे” म्हणते, आठवर असली तरी.

मदत वाटून देण्याचं कामही इथलंच. “काही लागलं तर सांगा” म्हणणारे नातेवाईक पन्नास असतात, आणि सांगायला रुग्णाला संकोच वाटतो. त्यामुळे यादी करायची, नावासह: मंगळवारचा डबा जाऊबाईंचा, औषधं आणणं पुतण्याचं, शाळेची रिक्षा चुकली तर समोरच्या ताई, पाहुण्यांचे फोन मुलीने घ्यायचे. भेटायला येणाऱ्यांसाठी ठरलेली वेळ, संध्याकाळी पाच ते साडेपाच. हे सांगायला कठीण जातं, म्हणून सोशल वर्करने तोंडावरच सांगावं: “डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा.” डॉक्टरांचं नाव यासाठी बिनधास्त वापरावं.

दोन गैरसमजांना याच भेटीत हात घालायला हवा. एक, थकवा वाढला म्हणजे आजार वाढला. उपचार चालू असताना बहुतेकदा तसं नसतं, पण शंका मनात ठेवण्यापेक्षा विचारून मोकळं व्हावं. दुसरा जास्त घातक आहे: थकवा सांगितला तर डॉक्टर केमो थांबवतील. या भीतीने रुग्ण ओपीडीत “ठीक आहे” म्हणतात आणि घरी जिन्यातच बसतात.

थकवा आणि नैराश्य वेगळं करणंही समुपदेशकाला जमलं पाहिजे. “करावंसं वाटतं पण अंग साथ देत नाही” हे बहुधा थकव्याचं बोलणं. “काही करावंसंच वाटत नाही, कशात रस नाही” हे दोन आठवडे टिकलं, तर नैराश्याचा विचार करायला हवा. दोन्ही एकत्रही असतात, आणि तेव्हा नुसत्या वहीने भागत नाही, मानसोपचारतज्ज्ञ लागतो.

रुग्णालयातले टेबल

परळचं टाटा मेमोरियल १९४१पासून आहे. तिथे मेडिकल सोशल वर्कचा विभाग आहे. त्याच्या जोडीला रुग्णांना वाट दाखवणारे प्रशिक्षित ‘केवट’ आहेत. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसबरोबर या कामाचा अभ्यासक्रमच आहे. रामाला नदीपार नेणाऱ्या नावाड्याचं नाव फार नेमकं घेतलंय. अमुक खिडकी, तमुक मजला, रिपोर्ट कुठे, या फेऱ्या ज्याच्या वाचल्या त्याचा दिवस वाचला. थकव्याच्या भाषेत बोलायचं तर उपचाराच्या दिवशी रुग्णालयातलं चालणं आणि रांग हाच वहीतला सगळ्यात मोठा चढ असतो.

सोशल वर्करकडे लोक पैशांच्या मदतीसाठी जातात. पैशांशिवायही तिथून बरंच मिळतं. रेल्वे सवलतीचा फॉर्म घ्या. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि एसी थ्री टियरमध्ये भाडं पूर्ण माफ आहे, सोबत्याला तिथे ७५ टक्के सवलत आहे. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर रुग्णांना बसता येतं. कल्याणहून दादरपर्यंत उभं राहून येणारा रुग्ण आणि बसून येणारा रुग्ण यांच्या वहीत दोन-तीन घरांचा फरक पडला तर नवल नाही. नोकरदार विमाधारक असेल तर ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा, वाढीव आजारलाभ पाहावा. अटी पूर्ण होत असतील तर कॅन्सरसारख्या दीर्घ आजारात ८० टक्के वेतन दोन वर्षांपर्यंत मिळू शकतं. याला कोणी समुपदेशन म्हणणार नाही, पण रात्री दोन वाजता छताकडे बघत हिशेब करणाऱ्या माणसाची झोप याने परत येऊ शकते.

रुग्णालयातल्या समुपदेशनाची उणी बाजू म्हणजे वेळ. गर्दी इतकी, की दुसरी भेट ठरत नाही. ती आपण ठरवून घ्यायची, शक्यतो सायकलच्याच दिवशी, सलाईन चालू असताना. त्यासाठी वेगळी खेप घालायला लावणारी थकव्याची सेवा हा विनोदच आहे. आणि जीवनमानाचा फॉर्म भरायला दिला, तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. ‘क्यूएलक्यू-सी३०’ ही ३० प्रश्नांची प्रश्नावली मराठीत आहे. तिच्यातले दहावा, बारावा आणि अठरावा हे तीन प्रश्न थकव्याचे: विश्रांतीची गरज लागली का, अशक्त वाटलं का, थकल्यासारखं झालं का. उत्तरं एक ते चार. घाईत सगळीकडे दोनावर गोल करून दिला, की थकवा कागदावरून नाहीसा होतो.

काही खासगी ठिकाणी ‘वेलनेस पॅकेज’ मिळतं: पंधरा मिनिटं आहारतज्ज्ञ, पंधरा मिनिटं योग, पंधरा मिनिटं समुपदेशक. तिघंही एकमेकांशी बोलत नाहीत, वही कोणीच बघत नाही. दिसायला भरगच्च, हातात काही नाही.

संस्था आणि गट

मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१पासून, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९पासून आणि व्ही केअर फाउंडेशन १९९४पासून काम करतात. आजारातून गेलेली माणसं नव्या रुग्णाशी बोलतात तेव्हा जे घडतं ते कुठल्याच पदवीने घडत नाही. “मलाही तिसऱ्या सायकलला असंच झालं होतं” हे वाक्य समुपदेशकाला उसनं आणता येत नाही. एकटेपणावर हा उत्तम उपाय आहे.

थकव्यावर मात्र गटाची बैठक आपोआप काम करत नाही. बोलणं खर्च, केस, आजार पुन्हा उलटण्याची भीती यांवर जातं आणि थकवा “तो तर असणारच” म्हणून मागे राहतो. शिवाय बैठकीला जाण्यायेण्यातच दिवस जातो. वही पुढे करून बघा: जाण्याआधी किती, परत आल्यावर किती, दुसऱ्या दिवशी सकाळी किती. दुसऱ्या दिवशी आकडा आधीपेक्षा कमी असेल तर जात राहा. चढलेला असेल तर फोनवर किंवा ऑनलाइन बोला. गट चालवणाऱ्यांना एक सूचना: महिन्यातली एक बैठक फक्त थकव्याची ठेवा आणि ती पाऊण तासात संपवा.

मोबाइलवर

‘अनटायर’ हे नेदरलँड्समध्ये बनलेलं, खास कॅन्सरच्या थकव्याचं अॅप. माहितीचे विषय, मन शांत करायचे सराव, हलके व्यायाम आणि रोजची एक सूचना, असे त्याचे भाग. चार देशांतल्या ७९९ जणांवर त्याची बारा आठवड्यांची चाचणी झाली आणि ती २०२०मध्ये प्रसिद्ध झाली. अॅप मिळालेल्यांचा थकवा अॅप न मिळता वाट पाहणाऱ्या गटापेक्षा जास्त उतरला, परिणाम लहान ते मध्यम. मध्येच सोडून देणारेही पुष्कळ होते. मराठी वाचकाची अडचण उघड आहे. मजकूर इंग्रजीत वाचावा लागतो, आणि केमोने डोकं जड झालेलं असताना परक्या भाषेतला परिच्छेद म्हणजे आणखी एक काम. इंग्रजी सहज वाचणाऱ्या, उपचार संपवून कामावर परतलेल्या माणसासाठी चांगलं. सासूबाईंच्या फोनवर घालून देऊन मोकळं होण्यासाठी नव्हे.

टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, क्रमांक १४४१६, ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत. रात्री दीड वाजता छातीत धडधड आणि झोप नाही, अशा वेळी याहून जवळचं काही नाही. थकव्याचं नियोजन तिथून मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, ते त्यांचं काम नाही.

उपचार संपल्यावरही थकवा राहिला तर

तीन भेटी इथे पुरत नाहीत. सगळे रिपोर्ट चांगले, केस परत आले, घरच्यांच्या लेखी विषय संपला, आणि माणूस वर्षभर ओढत चाललेला. यासाठी नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरातल्या संशोधकांच्या गटाने थकवा टिकवून धरणाऱ्या सहा गाठी सांगितल्या: आजाराचा अनुभव न पचणं, आजार पुन्हा उलटण्याची भीती, थकव्याबद्दलचे चुकीचे विचार, बिघडलेली झोप, कामाचा बिघडलेला ताल, आणि माणसांचा आधार कमी पडणं. प्रत्येकाच्या सहाही गाठी नसतात. ज्या आहेत त्याच सोडवायच्या. त्यांच्या २००६च्या चाचणीत सहा महिन्यांच्या या उपचारानंतर ५४ टक्के लोकांचा थकवा लक्षात येण्याइतका उतरला, उपचाराविना नुसती वाट पाहणाऱ्यांत ४ टक्के लोकांचा. सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याची उपचारपद्धत, जाणणारा मानसतज्ज्ञ शोधावा आणि पहिल्याच भेटीत या सहा गाठी त्याच्यासमोर ठेवाव्यात. “सगळं मनाचं आहे” असं म्हणाला तर उठून यावं.

आजार पुढे गेलेला असेल तर पुरावा कमकुवत आहे, हे मान्य करायला हवं. २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात अशा रुग्णांच्या थकव्यावर मानसिक-सामाजिक उपायांचा ठाम फायदा दिसला नाही. तिथे आरामाची काळजी, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, पुढे येते. पुण्यात वारज्याला १९९७पासून चालू असलेलं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर ही सेवा मोफत देतं. दुखणं, दम लागणं, झोप यांवर आधी काम होतं, आणि घरच्यांना कुशीवर कसं वळवायचं, उचलायचं कसं, हे शिकवलं जातं. “तिथे गेलं म्हणजे संपलं” या समजापायी लोक तिथे फार उशिरा पोहोचतात. उपचार चालू असतानाही जाता येतं.

वेळ ठरवण्याआधी फोनवर विचारायचं ते

थकवा आकड्यात मोजता का? वही किंवा नोंद ठेवायला देता का, आणि पुढच्या भेटीत ती कोण वाचतं? घरच्यांना एकदा तरी बसवून घेता का? भेट सायकलच्याच दिवशी ठेवता येईल का? पहिल्या दोन प्रश्नांना समोरून “म्हणजे?” आलं, तर ती सेवा धीर देण्यासाठी घ्या, थकव्यासाठी दुसरी बघा. कुठेच काही मिळालं नाही तर सलाईनच्या संध्याकाळपासून वही स्वतः सुरू करा. आकडा सातच्या वर दोन-तीन दिवस टिकला, बसल्या जागी दम लागला, छातीत दुखलं, कुठून रक्त गेलं किंवा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर वही मिटून थेट रुग्णालयात फोन करा.